अपडेट-ग्रब म्हणतंय चूक २१३व्या ओळीत, पण फाइल तर ३४ ओळींची

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तर संदर्भ लागेल. उबंटू २२.०४ (लिनक्स) आणि विंडोज असा ड्युअल बूट लॅपटॉप, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम. अपग्रेडनंतर ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना कुठली सिस्टिम चालवायची ते विचारणारा प्रोग्राम) मेन्यूतून विंडोज गायब झालं, मग मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली एन्ट्री तू ४०_कस्टम फाइलमध्ये पेस्ट केलीस, डिफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाइलमध्येही दोन ओळी बदलल्यास, आणि आता सुडो अपडेट-ग्रब (हा मेन्यू नव्याने बनवणारी कमांड) मारलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) सापडले वगैरे सगळं नीट येतं आणि अगदी शेवटी 'सिंटॅक्स एरर ॲट लाइन २१३', म्हणजे २१३व्या ओळीत व्याकरणाची चूक. दोन्ही फाइली उघडून बघितल्यास तर मोठी फाइल ३४ ओळींची, मग ही २१३वी ओळ आली कुठून. आणि रीस्टार्ट केला तर लॅपटॉप परत उठेल का या भीतीने तीन दिवस तो बंदच केला नाहीयेस.

(कमांड आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप कर.)

आधी भीती घालवू. लॅपटॉप उठेल. अपडेट-ग्रब ही खरं तर दोन ओळींची छोटी स्क्रिप्ट आहे, ती आतून ग्रब-एमकेकॉन्फिगला बोलावते, आणि ग्रब-एमकेकॉन्फिग नवा मेन्यू थेट /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी मध्ये लिहीत नाही, आधी शेजारी ग्रब.सीएफजी.न्यू नावाची फाइल बनवते, ती ग्रब-स्क्रिप्ट-चेक कडून तपासून घेते, आणि तपासणीत पास झाली तरच जुन्या फाइलवर चढवते. तुझ्याकडे तपासणी नापास झाली म्हणून जुनी फाइल आहे तशीच आहे. म्हणजे जो मेन्यू गेल्या आठवड्यात येत होता तोच उद्याही येणार. फक्त एक काळजी घे, हे सुटेपर्यंत ॲप्ट ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजं काढणारी कमांड) अजिबात मारू नकोस, कारण मधल्या काळात नवा कर्नल आलेला असेल तर तो मेन्यूत चढलेलाच नाहीये, आणि ऑटोरिमूव्हने जुने कर्नल काढून टाकले की मेन्यूत ज्यांची नावं आहेत तेच डिस्कवर नाहीत अशी अवस्था होते. तेव्हा मात्र खरंच अडकशील.

आता २१३वी ओळ. ती तुझ्या कुठल्याच फाइलमधली नाही, ती त्या तयार झालेल्या ग्रब.सीएफजी.न्यू मधली आहे. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की निम्मं काम झालं. /ईटीसी/ग्रब.डी फोल्डरमधल्या स्क्रिप्ट नंबराच्या क्रमाने एकामागून एक चालतात, ००_हेडर, १०_लिनक्स, ३०_ओएस-प्रोबर, ४०_कस्टम, ४१_कस्टम, आणि प्रत्येकीने जे काही छापलं ते एकाखाली एक चिकटवून ही मोठी फाइल बनते. एरर मोठ्या फाइलचा नंबर सांगतं, चूक असते छोट्या फाइलमध्ये. बरेच जण इथे ग्रब.सीएफजीच उघडून हाताने दुरुस्त करतात, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी, आणि पुढच्या कर्नल अपडेटला ती फाइल परत नव्याने बनते आणि एरर जशीच्या तशी हजर. त्या फाइलच्या डोक्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ही फाइल एडिट करू नका, ते मनावर घ्यायचं.

मग ही ओळ कुणी लिहिली ते शोधायचं कसं, तर अगदी सोपं आहे. सुडो लेस, मग हायफन आणि कॅपिटल एन, मग /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी.न्यू. डाव्या बाजूला ओळींचे नंबर दिसतील. २१३ टाइप करून कॅपिटल जी दाब, थेट तिथे पोचशील. आता तिथून वरच्या दिशेने शोध, म्हणजे प्रश्नचिन्ह दाबून कॅपिटलमध्ये 'बिगिन' टाइप कर आणि एंटर. तीन हॅश, बिगिन, आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता अशी ओळ सापडेल. प्रत्येक स्क्रिप्टच्या आधी बिगिन आणि नंतर एंड अशी पाटी ग्रब-एमकेकॉन्फिग स्वतःच लावते. जो पत्ता दिसेल ती फाइल उघडायची.

पण इथे एक मेख आहे आणि माझा अंदाज आहे की तू नेमका इथेच फसशील, म्हणून जरा थांबून सांगतो. समज पत्ता निघाला ४१_कस्टमचा, ज्या फाइलला तू कधी हातच लावलेला नाहीस. लगेच ती बदलायला जाऊ नकोस, ते चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. ४०_कस्टम मध्ये महिरपी कंस उघडला आणि बंद केलाच नाही, तर ग्रबच्या पार्सरला (फाइल वाचून अर्थ लावणाऱ्या भागाला) अजून एन्ट्री चालूच आहे असं वाटत राहतं, तो पुढची ४१_कस्टमची इफ-फाय (इफने अट सुरू, फायने संपली) वाली ओळसुद्धा त्याच एन्ट्रीच्या पोटात धरतो, आणि फाइल संपल्यावर त्याला कळतं की कंस बंद व्हायचा राहिला. म्हणून एरर शेवटच्या ओळीची येते. तेव्हा डब्ल्यूसी हायफन एल ने न्यू फाइलच्या एकूण ओळी मोज. २१३ ही शेवटची किंवा शेवटाजवळची ओळ असेल तर खात्रीने समज की वर कुठेतरी काहीतरी उघडं राहिलंय, कंस किंवा कोट. आणि २१३ मध्येच कुठेतरी असेल तर बहुतेक वेळा उलटं असतं, कंस एक जास्त आहे, किंवा इफ आणि फायच्या मधली एकुलती एक ओळ कुणीतरी हॅश लावून बंद केलीय आणि पोट रिकामं राहिलंय.

आता व्हॉट्सॲपवरून आलेल्या एन्ट्रीबद्दल. मित्राने आयफोनवर टाइप केली असेल आणि त्याचं स्मार्ट पंक्चुएशन चालू असेल तर कीबोर्ड साधे सरळ कोट आपोआप वळणदार करतो आणि दोन हायफनचा एक लांब डॅश करतो. गंमत अशी की दोन्ही कोट वळणदार असतील तर सिंटॅक्स एरर येतच नाही, कारण ग्रबच्या दृष्टीने ते कोटच नाहीत, नुसती अक्षरं आहेत, त्यामुळे मेन्यूत नाव अर्धवट दिसेल एवढंच. एरर येते ती एक सरळ आणि एक वळणदार असताना. म्हणजे काय होतं, माणूस नॅनो एडिटरमध्ये नाव बदलायला जातो, सुरुवातीचा कोट चुकून खोडला जातो, तो परत आपल्या कीबोर्डने सरळ टाइप करतो, शेवटचा मात्र मित्राचाच वळणदार राहतो. स्क्रीनवर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, टर्मिनलचा फॉन्ट बारीक असेल तर अजिबात ओळखू येत नाही. डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, कॅट हायफन कॅपिटल ए लावून फाइल बघ. तसं बघितलं की साधा कोट साधाच दिसतो आणि वळणदार कोटच्या जागी एम-बी, एम-टोपी अशी विचित्र अक्षरांची रांग दिसते. वेबपेजवरून आलेली न तुटणारी स्पेस असते, जी दिसायला स्पेस आणि ग्रबला मात्र शब्दाचाच भाग वाटते, तीसुद्धा अशीच उघडी पडते. प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलर दिसणं बरोबर आहे, पण डॉलरच्या आधी टोपी-एम दिसला तर ती फाइल विंडोजच्या नोटपॅडमधून फिरून आलीय, तिच्या ओळींच्या टोकाला जास्तीचं कॅरेज रिटर्न आहे. डॉस-टू-युनिक्स मारून ते काढ.

अजून एक, एन्ट्रीचं नाव सिंगल कोटमध्ये असेल आणि नावातच ॲपॉस्ट्रॉफी असेल, म्हणजे इंग्रजीत 'अमक्याचं विंडोज' असं लिहिताना ॲपॉस्ट्रॉफी-एस येतो ना तसा, तर कोट तिथेच बंद होतो आणि पुढचा सगळा हिशोब बिघडतो. नाव साधं ठेव. कोट न लावता नावात अँड चिन्ह किंवा अर्धविराम टाकलास तरी तेच, ग्रबला ती खास चिन्हं आहेत.

एन्ट्री साधारण अशी दिसायला पाहिजे, मोजून चार ओळी:

मेन्यूएन्ट्री 'विंडोज' {
सर्च --नो-फ्लॉपी --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट (इथे ईएफआय पार्टिशनचा, म्हणजे बूटच्या फाइली असलेल्या डिस्कच्या भागाचा, यूयूआयडी म्हणजे ओळख क्रमांक, कंसाशिवाय)
चेनलोडर /ईएफआय/मायक्रोसॉफ्ट/बूट/बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय
}

चेनलोडरच्या (पुढच्या सिस्टिमचा बूट प्रोग्राम चालवणारी कमांड) पत्त्यात स्लॅश पुढे झुकलेलेच हवेत. विंडोजच्या सवयीने उलटे स्लॅश टाकलेस तर तपासणी पास होईल आणि बूट करताना फाइल सापडत नाही म्हणेल, कारण ग्रबमध्ये उलटा स्लॅश म्हणजे पुढच्या अक्षराचा खास अर्थ काढून टाकणारं चिन्ह, ते स्वतः गायब होतं. ग्रब-स्क्रिप्ट-चेक फक्त व्याकरण बघतं. यूयूआयडी चुकीचा असला, कमांडच अस्तित्वात नसली, लांब डॅश पडला असला तरी त्याला काही घेणंदेणं नाही. म्हणून 'एरर गेली' आणि 'काम झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकदा रीस्टार्ट करून एन्ट्री खरंच चालते का बघायचंच.

४०_कस्टमच्या वरच्या दोन ओळींना हात लावू नकोस. पहिली शेलची (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची) ओळ आणि दुसरी 'एक्झेक टेल हायफन एन प्लस ३' वाली. त्या दुसरीचा अर्थ, हीच फाइल तिसऱ्या ओळीपासून जशीच्या तशी छाप. आता कुणी चांगल्या हेतूने या दोघींच्या मध्ये एक कॉमेंट टाकली की एक्झेक वाली ओळ तिसरी होते आणि तीसुद्धा छापली जाऊन ग्रबच्या मेन्यूत जाते, व्याकरणाने ती चालते पण बूटच्या वेळी ग्रब म्हणतं एक्झेक नावाची कमांड सापडत नाही.

फक्त ही एकच फाइल तपासायची असेल तर पूर्ण अपडेट-ग्रब चालवायची गरज नाही. सुडो एसएच /ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम, मग पाइप (उभी रेघ), मग ग्रब-स्क्रिप्ट-चेक हायफन व्ही. व्ही मुळे ते वाचलेली प्रत्येक ओळ छापत जातं, कुठवर पोचल्यावर अडलं ते समोर दिसतं. आणि काहीच न छापता फक्त निकाल हवा असेल तर व्ही काढ, गप्प राहिलं म्हणजे पास.

आता दुसरी जागा, /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब. तुझ्या आउटपुटमध्ये कर्नल सापडल्याच्या ओळी येतायत म्हणजे ही फाइल वाचून झालीय, त्यामुळे तुझी आत्ताची एरर इथली असण्याची शक्यता कमी, पण तू इथेही हात लावलायस म्हणून सांगून ठेवतो. ही फाइल ग्रबच्या भाषेत नाहीच, ती शेलची फाइल आहे, ग्रब-एमकेकॉन्फिग तिला सरळ शेल स्क्रिप्ट म्हणून आत घेते. त्यामुळे आउटपुट 'सोर्सिंग फाइल' या ओळीनंतर लगेच तुटलं तर शेलची चूक, आणि 'फाउंड लिनक्स इमेज' वगैरे येऊन शेवटी तुटलं तर ग्रबच्या भाषेतली चूक. मी कुणाचाही असा प्रॉब्लेम बघताना पहिली गोष्ट हीच विचारतो, आउटपुट कुठे थांबलं.

शेलमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस चालत नाही. ग्रब_टाइमआउट = १० असं मोकळं मोकळं लिहिलं की शेल म्हणतं ग्रब_टाइमआउट नावाची कमांड सापडत नाही. 'क्वाएट स्प्लॅश' ला कोट लावले नाहीत की म्हणतं स्प्लॅश सापडत नाही. बऱ्याच लॅपटॉपवर ब्राइटनेस किंवा टचपॅडसाठी एसीपीआय_ओएसआय या पॅरामीटरमध्ये (कर्नलला द्यायच्या सूचनेत) 'विंडोज २०१५' टाकायला सांगतात, ते लोक डबल कोटच्या आत परत डबल कोटमध्ये टाकतात, मग आतला पहिला कोट बाहेरच्याला बंद करतो आणि शेल म्हणतं '२०१५: नॉट फाउंड'. ही एरर बघून माणूस चक्रावतो की २०१५ नावाची कमांड मी कधी दिली. उपाय एवढाच, बाहेर सिंगल कोट लाव आणि आत डबल राहू दे. नवे पॅरामीटर शेवटच्या कोटच्या बाहेर लिहिणं हीसुद्धा रोजची चूक, नोमोडसेटसारखा पॅरामीटर कोटच्या आतच गेला पाहिजे.

या सगळ्यात लक्षात घे की यातल्या बऱ्याच चुका शेलच्या व्याकरणाने चूक नाहीतच, म्हणून एसएच हायफन एन लावून तपासलंस तर सगळं ठीक म्हणेल. तो फक्त न मिटलेले कोट आणि सुटे कंस पकडतो. न मिटलेल्या कोटचा नंबरही आंधळेपणाने धरू नकोस, कारण उघडा राहिलेला कोट पुढच्या ओळीतल्या कोटशी जोडी जमवतो, तिथून पुढे सगळ्या जोड्या एकाने सरकतात, आणि बोंब होते ती भलत्याच ओळीवर. स्वतः बदललेल्या ओळीपासून खाली वाचत ये. डिस्ट्रिब्युटर वाल्या ओळीत जे तिरके बॅकटिक आहेत ते एस्केपच्या खालच्या बटणावरचे आहेत, त्यांना साधे कोट समजून बदललंस तर एरर येणार नाही पण मेन्यूत उबंटूच्या जागी ती अख्खी कमांड नाव म्हणून येईल. मराठी कीबोर्ड चालू असताना आकडे देवनागरीत पडतात तेही बघ, टाइमआउटला आकडा इंग्रजीच लागतो.

एक अनुभव सांगतो कारण तुझ्या बाबतीत हे होऊ शकतं. एका कॉलेजच्या लॅबमधलं मशीन होतं, तिथल्या मुलाने ४०_कस्टम मधला सुटा कंस मला फोनवर विचारून दुरुस्त केला, परत चालवलं, एरर तीच, फक्त ओळीचा नंबर थोडा पुढे सरकलेला. मी त्याला परत परत फाइल वाचायला लावली, फाइल शंभर टक्के बरोबर. तासभर गेला. शेवटी त्याला म्हटलं ग्रब.डी फोल्डरची यादी वाचून दाखव, तर त्यात ४०_कस्टम.बॅक. बदल करण्याआधी त्याने शहाण्यासारखा बॅकअप घेतला होता पण त्याच फोल्डरमध्ये, आणि परवानग्या राखून कॉपी केल्यामुळे ती कॉपीसुद्धा एक्झिक्युटेबल (चालवता येणारी) होती. ग्रब-एमकेकॉन्फिग त्या फोल्डरमधली प्रत्येक एक्झिक्युटेबल फाइल चालवतं, शेवटी टिल्ड असलेल्या, डीपीकेजीच्या (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) उरलेल्या, रीडमी अशा थोड्याच फाइली वगळतं, डॉट बॅक त्या यादीत नाही. म्हणजे चुकीची जुनी एन्ट्री दरवेळी दुसऱ्या दाराने आत येत होती. बिगिनची पाटी आधी बघितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं, तेव्हापासून मी फाइल उघडायच्या आधी पाटी बघायला लावतो. बॅकअप घे, जरूर घे, पण तो होम फोल्डरमध्ये ठेव. याच कारणाने /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब.डी मध्ये कुठली डॉट सीएफजी फाइल आहे का तेही बघ, उबंटूमध्ये त्याही आत घेतल्या जातात आणि मुख्य फाइलनंतर घेतल्या जातात.

आता मुळावर येतो. तुला बहुतेक ती एन्ट्री लागणारच नाही. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेलं आहे, तुझं विंडोज म्हणून गायब झालं. डिफॉल्टच्या ग्रब फाइलमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही एक ओळ टाक, फॉल्स लहान लिपीत, स्पेस नाही. नावात डिसेबल आहे म्हणून लोक ट्रू करतात, ते उलटं होतं. स्पेलिंग चुकलं तर कुठलीही एरर येत नाही, नुसतं काही घडत नाही, तेव्हा अक्षर अक्षर जुळव. मग ४०_कस्टम मधली मित्राची एन्ट्री पूर्ण काढून टाक, मूळच्या कॉमेंट राहू दे, आणि सुडो अपडेट-ग्रब. आउटपुटमध्ये 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' आलं की झालं.

तरीही स्वतःची एन्ट्री ठेवायचीच असेल तर मी स्वतः ती /बूट/ग्रब/कस्टम.सीएफजी मध्ये ठेवतो. ४१_कस्टम बूटच्या वेळी ती फाइल असेल तर वाचतं, त्यासाठी अपडेट-ग्रब लागत नाही, आणि तोवर मुख्य मेन्यू वाचून झालेला असतो. मात्र ही फाइल कुणीही आपोआप तपासत नाही, म्हणून सेव्ह केल्यावर ग्रब-स्क्रिप्ट-चेक तिच्यावर हाताने चालवायचं. फेडोरावाल्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं करू नये, तिथे कमांडींच्या नावात ग्रब२ आहे आणि कर्नलच्या एन्ट्री /बूट/लोडर/एन्ट्रीज मध्ये वेगवेगळ्या छोट्या फाइलींत असतात.

समजा तू घाबरून ग्रब.सीएफजीच हाताने बदलली असशील आणि ती बिघडली असेल तर बूटच्या वेळी मेन्यूऐवजी काळ्या स्क्रीनवर 'ग्रब' आणि पुढे बाण असा प्रॉम्प्ट येऊ शकतो. त्यात आणि 'ग्रब रेस्क्यू' प्रॉम्प्टमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेस्क्यू म्हणजे ग्रबला स्वतःचे मॉड्यूलच सापडत नाहीयेत, पार्टिशन हललंय किंवा पुसलंय, तिथे सिंटॅक्स शोधत बसू नकोस. साधा ग्रब प्रॉम्प्ट असेल तर एलएस मारून पार्टिशन बघ, सेट रूट ने उबंटूचं पार्टिशन दे (डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशन एकपासून), मग लिनक्स /बूट/व्हीएमलिनझ आणि पुढे रूट= देऊन लिनक्सच्या भाषेतलं डिस्कचं नाव, मग इनिटआरडी /बूट/इनिटआरडी.आयएमजी, मग बूट. फाइलींची नावं टॅब दाबून पूर्ण होतात. आत गेलास की अपडेट-ग्रब मार, हाताने केलेलं सगळं पुसून नवी फाइल बनेल.

आणि दुरुस्ती झाल्यावर सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर हायफन ए नक्की चालव. या तीन दिवसांत कर्नलचं पॅकेज आलं असेल तर त्याच्या इन्स्टॉलच्या शेवटी अपडेट-ग्रब नापास होऊन ते अर्धवट अडकलेलं असणार, या कमांडने ते पूर्ण होईल. एवढं करून नाहीच सुटलं तर मला तीन गोष्टी पाठव: न्यू फाइलच्या २०० ते २१३ ओळी, त्यांच्या वरची बिगिनची पाटी, आणि ग्रब.डी फोल्डरची एलएस हायफन एल ने काढलेली यादी.